पिठाचे अलंकार, पिठाच्या भेटी : घडवावे कसे, टिकवावे कसे

मुंबईत पावसाळा सुरू झाला की स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते. पिठापासून शोभेच्या किंवा भेट देण्याच्या वस्तू घरी करू पाहणाऱ्यांनी सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हीच होय. या विषयावरील बहुतेक पुस्तके आणि कृती युरोप-अमेरिकेतील थंड व कोरड्या हवेसाठी लिहिल्या गेल्या आहेत. त्यांच्या आधाराने नाताळात घडवलेला तारा बोरिवली किंवा अंधेरीच्या घरात मेपर्यंत ताठ राहतो आणि जुलैत मऊ पडून दोऱ्यावरून ओघळतो. अशा वेळी करणाऱ्याला वाटते, आपलाच हात कच्चा. वास्तविक, पिठाच्या वस्तूचे आयुष्य तिच्यात उरलेल्या पाण्यावर आणि भोवतालच्या हवेतील पाण्यावर ठरते. हा हिशेब नीट मांडला तर उपनगरातील दमट हवेतही अशा वस्तू वर्षानुवर्षे टिकतात.

हा हिशेब मराठी घरांना नवा नाही. दिव्याच्या अमावास्येचे दिवे, नवरात्रातील कडाकण्या, रुखवतातील वळवट आणि नाताळची कुलकुल हे सारे पिठाचेच अलंकार आहेत. आणि प्रत्येकात पाण्याचा बंदोबस्त निराळ्या रीतीने केलेला आहे. या लेखात आधी या परंपरेची ओळख करून घेऊ, मग एकेका प्रकाराची कृती पाहू आणि शेवटी टिकवण्याचे व सावधगिरीचे नियम पाहू.

परंपरेतील पीठ

आषाढ अमावास्येला, म्हणजे श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी, घरातील समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडतात आणि कणकेचे गोड दिवे करून त्यांची पूजा करतात. पूजा आटोपली की हे दिवे तूप घालून खाल्ले जातात. मुलांच्या औक्षणासाठीही कणकेचे दिवे करण्याची रीत अनेक घरांत आहे.

त्यानंतर महिन्याने येणाऱ्या श्रावण अमावास्येच्या तर नावातच पीठ आहे. या पिठोरी अमावास्येला चौसष्ट योगिनींची पूजा होते आणि त्यांच्या आकृती पिठाच्या करण्याची प्रथा होती. पाठारे प्रभू, आगरी, कोळी अशा मुंबई परिसरातील जुन्या रहिवाशांच्या घरांत पिठोरीचे महत्त्व विशेष. आता बहुतेक ठिकाणी योगिनींचे चित्र पुजले जाते. पिठाच्या आकृती करणारे हात कमी झाले आहेत.

भाद्रपदात गौरीपुढे आणि आश्विनात घटावर फुलोरा टांगतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांत नवरात्रातील फुलोऱ्यासाठी कडाकण्या करतात. पातळ, कुरकुरीत पुरीसारख्या गोल कडाकण्यांच्या जोडीला देवीसाठी वेणी, फणी, करंडा, मंगळसूत्र, जोडवी, पाळणा अशा वस्तूही त्याच कणकेतून घडवून तळल्या जातात. त्या दोऱ्यात ओवून घटाच्या वर बांधतात आणि घट उठल्यावर प्रसाद म्हणून वाटतात. घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात घाटावरून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने असल्याने ही रीत उपनगरांतही रुजली.

लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे वळवट हा या कलेतील सर्वांत नाजूक प्रकार. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखाने दाबलेले नखुले, बोटांवर वळलेल्या बोटव्या, मालत्या, फेण्या अशी त्यातील नावे आहेत. लग्नघरी मुहूर्ताला सुवासिनींनी एकत्र बसून गव्हले वळायचे आणि त्याची खीर मंगलप्रसंगी करायची, असा शिरस्ता होता.

उपनगरांतील आणखी एक मराठी परंपरा मात्र बहुतेक वाचकांच्या नजरेआड राहते. मुंबई आणि साष्टीच्या मूळच्या मराठी भाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले आणि त्याच वर्षी आपली संस्था स्थापन केली. अंधेरीजवळचे मरोळ, आंबोली, तसेच गोराई, मनोरी अशा गावठाणांत या समाजाची जुनी घरे आहेत. नाताळाच्या आधी या घरांतून कुलकुल वळण्याची बैठक बसते. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ नव्या फणीच्या दात्यांवर दाबून गुंडाळायची, म्हणजे शंखासारखा रेघांचा आकार उमटतो. तळलेली कुलकुल, नेवऱ्या आणि इतर गोड पदार्थ ताटात मांडून, वर रुमाल झाकून शेजारीपाजारी पाठवले जातात. दिवाळीत फराळाचे ताट जिकडून आले, तिकडे नाताळचे ताट जाते. गव्हले वळणारी आजी आणि कुलकुल वळणारी आजी या दोघींच्या बोटांची चाल जवळजवळ एकच आहे.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने या कुळातले वाटतात, परंतु ते पिठाचे नसून साखरेचे असतात. म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पाण्याचे चार हिशेब

वरील प्रकार बारकाईने पाहिले तर त्यांची विभागणी सहज होते.

पहिला प्रकार वाफवलेला. दिव्यात पाणी भरपूर राहते; म्हणून तो त्याच दिवशी संपवायचा असतो.

दुसरा तळलेला. उकळत्या तेलात कणकेतील पाणी वाफ होऊन निघून जाते. कडाकण्या आणि कुलकुल त्यामुळे काही दिवस ते काही आठवडे कुरकुरीत राहतात. हवा लागली की सादळतात.

तिसरा वाळवलेला. वळवट इतके बारीक असते, की सावलीतही गाभ्यापर्यंत सुकते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर राहते.

चौथा प्रकार मीठ घालून सुकवलेल्या आणि वरून रोगण लावलेल्या पिठाचा. तो खाण्यासाठी नसतो, केवळ शोभेसाठी असतो. आपल्याकडे तो बाहेरून आला आणि गेल्या काही दशकांत हस्तकलेच्या वर्गांतून उपनगरांत पसरला.

कोणतीही वस्तू करण्यापूर्वी ती या चारांपैकी कोणत्या गटातील आहे, हे ठरवावे. खायची वस्तू आणि ठेवायची वस्तू यांची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये.

कणकेचे दिवे

दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ, एक मोठा चमचा कडकडीत तुपाचे मोहन, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलदोड्याची पूड घ्यावी. गूळ विरघळण्यापुरत्या कोमट पाण्यात भिजवून गाळून घ्यावा आणि त्या पाण्याने कणीक घट्ट भिजवावी. सैल कणकेचा दिवा वाफेत बसतो, म्हणून पाणी एकदम ओतू नये. पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवल्यावर लिंबाएवढे गोळे घेऊन अंगठ्याने खळगा करावा, कडेला वातीसाठी चोच काढावी. चाळणीला तेलाचा हात लावून दिवे पंधरा ते वीस मिनिटे वाफवावेत. बोटाला चिकटले नाहीत म्हणजे शिजले.

वात लावताना तेलाऐवजी तूप घालावे, कारण दिवा पुढे खायचा असतो. वात विझल्यावर काजळलेला भाग काढून टाकावा.

कडाकण्या आणि फुलोरा

दोन वाट्या कणकेला अथवा मैद्याला अर्धी वाटी बारीक रवा, दोन चमचे गरम तेलाचे मोहन, चिमूटभर मीठ आणि गुळाचे किंवा साखरेचे पाणी लागते. कणीक पुरीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावी. म्हणजे रवा फुलतो आणि लाटताना कडा फाटत नाहीत. पोळी शक्य तितकी पातळ लाटून वाटीने गोल पाडावेत. फुगू नये म्हणून काट्याने टोचे मारावेत आणि दोऱ्यासाठीचे भोक तळण्यापूर्वीच पाडावे. तळल्यावर भोक पाडू गेल्यास कडाकणी तडकते.

वेणीसाठी तीन बारीक वळ्या विणाव्यात. फणीसाठी आयताकृती पट्टीला सुरीने दाते कापावेत. करंडा, पाळणा यांसारख्या वस्तूंचे भाग जोडताना जोडावर पाण्याचे बोट फिरवून दाबावे. सर्व वस्तूंची जाडी सारखी ठेवावी. वेणी जाड आणि कडाकणी पातळ असेल, तर ती वेगवेगळी तळावी. आच मंद हवी. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत ओल राहते आणि दोन दिवसांत वस्तू मऊ पडते.

आश्विनात पाऊस नुकताच मागे फिरलेला असतो. एखादी सरही येते. घटावर टांगेपर्यंत कडाकण्या पूर्ण गार करून पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवाव्यात. गरम असताना डबा बंद केला, तर आतल्या वाफेनेच त्या सादळतात.

वळवट

बारीक रवा दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवून, दोन तास ओल्या फडक्याखाली ठेवून, चांगला कुटून अथवा मळून मऊ करावा. काही जण निम्मा मैदा घालतात. तुपाचे बोट लावून लहानशी वळी घ्यावी. चिमटीत तिचा अगदी छोटा भाग फिरवत तोडला की गव्हला होतो; चपट्या तुकड्यावर नखाची खूण उमटवली की नखुला. पसरट ताटावर एकेक दाणा सुटा पडेल असे टाकावे आणि घरात पंख्याखाली अथवा सावलीत वाळवावे. कडक उन्हात वरचा थर लवकर आक्रसतो आणि दाणे चिरतात.

हे काम फाल्गुन ते वैशाख या काळातले. सोसायटीच्या गच्चीवर किंवा गॅलरीत सकाळी वळायला बसल्यास दोन-तीन दिवसांत वाळवण तयार होते. दाताखाली कटकन तुटले म्हणजे पुरते वाळले. एका बसणीत फार होत नाही, हे खरे. पण काचेच्या छोट्या बरणीत भरलेले, वर चिटोऱ्यावर खिरीची कृती लिहिलेले गव्हले ही लग्नाची किंवा डोहाळजेवणाची अत्यंत देखणी भेट ठरते. विकतच्या भेटीत हे वळलेले तास नसतात आणि घेणाऱ्याला ते लगेच कळते.

कुलकुल

अर्धा किलो मैद्याला दोन मोठे चमचे बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे तूप आणि चिमूटभर मीठ घ्यावे. नारळाचे दाट दूध साधारण २०० मिलिलिटर काढून ठेवावे आणि लागेल तसतसे घालत मऊसर पण न चिकटणारी कणीक मळावी. काही घरांत एखादे अंडेही घालतात. तासभर झाकून ठेवल्यावर बोराएवढ्या गोळ्या कराव्यात. काट्याच्या मागच्या बाजूला तेल लावून गोळी पसरावी आणि टोकापासून गुंडाळत आणावी. शेवटची कड नीट दाबली नाही, तर तेलात गुंडाळी उलगडते.

मध्यम आचेवर तांबूस तळून, कागदावर निथळून, गार झाल्यावरच डबा भरावा. वरून साखरेचा पाक चढवायचा असल्यास तो पक्का असावा. कच्च्या पाकातली कुलकुल आठवड्यात चिकट होतात. भेटीच्या पाकिटावर नारळ, गहू आणि अंडे घातले असल्यास त्याचा उल्लेख अवश्य करावा. जैन आणि शाकाहारी शेजारी मुलुंड-घाटकोपरच्या प्रत्येक इमारतीत असतात; त्यांना न विचारता कळावे, यातच आदर आहे.

मीठकणीक : ठेवायच्या वस्तूंसाठी

मीठ घालून मळलेल्या मैद्याला सोयीसाठी ‘मीठकणीक’ म्हणू. जर्मन भाषक प्रदेशांत या पिठाच्या शोभेच्या वस्तू करण्याची मोठी हौस आहे. पिठाचा अलंकार भेट देण्याची रीत जगात इतरत्रही आढळते. क्रोएशियात लाल रंगाची, नक्षीदार कणकेची हृदये एकमेकांना देतात. उत्तर क्रोएशियातील या कलेचा समावेश २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. इक्वेडोरमधील क्विटो शहराजवळच्या काल्देरोन गावात पावाच्या कणकेच्या रंगीत बाहुल्या घडवतात. पूर्वजांच्या स्मरणदिनासाठी सुरू झालेल्या या बाहुल्या पुढे नाताळच्या सजावटीतही आल्या. चीनमध्ये पिठाच्या बाहुल्या करणारे कारागीर जत्रांतून बसत. मुलांच्या खेळण्यातील ‘प्ले-डो’ हीदेखील मुळात मैदा, मीठ आणि पाणी यांची कणीकच. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात भिंतीच्या कागदावरील काजळी पुसण्यासाठी ती तयार होत असे. १९५६ साली ती खेळणे म्हणून बाजारात आली.

साहित्य : दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि सुमारे पाऊण वाटी पाणी. वाटी कोणतीही घ्यावी, मात्र तिन्हींसाठी तीच असावी. नेहमीच्या आमटीच्या वाटीने घेतल्यास दोन इंची वीस-पंचवीस तारे किंवा पाने होतात. मीठ शुद्ध केलेले, बारीक घ्यावे. जाड मिठाचे खडे कणकेत टोचतात आणि त्यातील इतर क्षार हवेतील ओल अधिक लवकर ओढतात. जुना, वास लागलेला मैदाही येथे चालतो. मात्र त्यात कीड अथवा बुरशी नसावी.

मळणे : मैदा आणि मीठ कोरडेच एकत्र करून थोडे थोडे पाणी घालावे आणि दहा मिनिटे जोर लावून मळावे. कणीक गुळगुळीत आणि घट्ट हवी. चिकटली तर मैदा, चिरली तर पाण्याचा हात. अर्धा तास झाकून ठेवावी. उरलेली कणीक सतत झाकलेली असावी, कारण तिच्यावर पापुद्रा लवकर येतो.

घडवणे : कणीक पाव इंचाहून जाड लाटू नये. पणती, कोयरी, स्वस्तिक, तोरणाची पाने, नाताळचा तारा, घंटा, मुलांच्या हाताचा ठसा असे आकार सहज होतात. करंजीचे कातणे, बाटलीचे झाकण, चकलीच्या सोऱ्याच्या जाळ्या आणि लाकडी मोदकसाचा ही घरातलीच हत्यारे पुरतात. साच्यात आधी मैदा भुरभुरावा. दोऱ्याचे भोक शीतपेयाच्या नळीने पाडावे आणि ते कडेपासून निदान अर्धा सेंटिमीटर आत असावे. जोडावर पाणी लावून दोन्ही भाग हलकेच खरवडून दाबावेत.

सुकवणे : सारे यश या टप्प्यावर अवलंबून आहे. ओव्हन असल्यास १०० अंश सेल्सिअसवर दोन ते तीन तास ठेवावे आणि मध्ये एकदा उलटावे. उष्णता वाढवून घाई केल्यास वस्तू फुगते, तडकते किंवा तांबूस होते. मायक्रोवेव्हमध्ये आतली वाफ एकदम बाहेर पडून बुडबुडे येतात, म्हणून तो मार्ग टाळावा. ओव्हन नसल्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात उन्हात जाळीवर तीन-चार दिवस वाळवावे आणि रोज बाजू पालटावी. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी घरात आणावे.

वस्तू सुकली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. तळाला गार लागते म्हणजे आत ओल आहे. टिचकी मारल्यावर भांड्यासारखा टणक आवाज यावा. स्वयंपाकघरातील वजनकाटा असल्यास सर्वांत उत्तम. आज आणि उद्या वजन सारखेच भरले, म्हणजे पाणी निघून गेले.

रंग आणि रोगण : ॲक्रिलिक रंग वापरावेत. पातळ जलरंगांतील पाण्याने पृष्ठभाग पुन्हा ओला होतो. रंग किमान एक दिवस वाळू द्यावा आणि त्यानंतर पारदर्शक तैलरोगणाचे दोन पातळ हात द्यावेत. मागची बाजू, कडा आणि दोऱ्याच्या भोकाची आतली भिंत हे तीन भाग हटकून विसरले जातात. पावसाळ्यात पाणी नेमके तेथूनच आत शिरते. रोगण लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅस किंवा दिवा पेटता नसावा.

मुंबईची हवा आणि मीठ

सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये सांताक्रूझ वेधशाळेत नोंदली जाणारी आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. म्हणजेच मीठकणकेची उघडी वस्तू पावसाळाभर पाणी पीत राहते. ज्या मिठाने तिला बुरशी आणि किडीपासून वाचवले, तेच मीठ येथे तिचा शत्रू होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, वस्तू ऑक्टोबर ते मे या काळातच घडवाव्यात. जूननंतर नवीन काम हाती घेऊ नये. दुसरा, वर सांगितल्याप्रमाणे सर्व बाजूंनी रोगण द्यावे. तिसरा, मे महिन्याच्या अखेरीस वस्तू उतरवून, मऊ कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवाव्यात. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून आलेल्या पुड्या जपून ठेवल्यास त्याच कामी येतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

समुद्राकाठच्या वर्सोवा, गोराई या भागांत खारी हवा असल्याने तेथे रोगणाचा तिसरा हात द्यावा. पूर्व उपनगरांतही तळमजल्यावरील आणि ऊन न येणाऱ्या घरांत हीच काळजी घ्यावी.

कॉर्नफ्लोअरची कणीक

फुले, पाकळ्या, बारीक दागिने यांसाठी मीठकणीक ठिसूळ पडते. अशा कामाला कॉर्नफ्लोअर आणि फेविकॉलसारखा पांढरा गोंद समभाग घेऊन, एक-दोन चमचे तेल आणि चमचाभर लिंबाचा रस घालून मिश्रण मंद आचेवर सतत ढवळावे. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की उतरवून, कोमट असताना मळावा. त्यात मीठ नसल्याने पावसाळ्याचा त्रास कमी होतो. वाळताना वस्तू आकसते, म्हणून आकार थोडा मोठा ठेवावा. या कामाचे भांडे आणि पळी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

कोणत्या सणाला कोणती भेट

दिवाळीसाठी मीठकणकेची पाने, कोयऱ्या आणि फराळाच्या डब्याला बांधायचे छोटे पदक करावे. ऑक्टोबरच्या उन्हात ते चांगले वाळते.

नाताळसाठी तारे, घंटा आणि कुलकुलचे पाकीट. एकाच पिशवीत दोन्ही ठेवायचे असल्यास खाण्याची वस्तू वेगळ्या वेष्टनात असावी आणि शोभेच्या वस्तूवर ‘खाऊ नये’ असे मराठीत व इंग्रजीत लिहावे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात लुटायच्या वाणासाठी मागे चुंबक चिकटवलेली कोयरी किंवा सुगडाची आकृती फ्रिजवर लावण्यास उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या डब्यांच्या वाणापेक्षा ती वेगळी ठरते आणि घरच्या मुलांनाही हाताशी घेता येते.

लग्नसराईत रुखवतासाठी वळवटाच्या बरण्या. आषाढ अमावास्येला शेजारी द्यायचे झाले, तर कणकेचे वाफवलेले दिवेच द्यावेत. त्या दिवसांत दुसरे काही टिकत नाही.

सावधगिरी

मीठकणकेत मिठाचे प्रमाण फार असते. कुत्र्या-मांजरांनी ती चघळल्यास त्यांच्या शरीरात मिठाची विषबाधा होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. कुत्र्यांना पिठाचा वास आवडतो; त्यामुळे टांगलेल्या वस्तूही त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. कुत्र्याने तुकडा खाल्ल्याचे दिसताच पशुवैद्याकडे जावे. लहान मुलांनी कच्ची कणीक, मग ती मिठाची असो वा साधी, तोंडात घालू नये. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात.

मीठकणकेच्या पणतीत थेट तेल घालून वात लावू नये. तेल पिठात झिरपते आणि रोगण पेट घेऊ शकते. आत मातीची किंवा धातूची छोटी पणती बसेल एवढा खळगा करावा, अथवा ती केवळ शोभेला ठेवावी.

तुटलेल्या मीठकणकेची विल्हेवाट लावताना ती कुंडीत टाकू नये. मिठाने झाड मरते. गाई, कावळे, कबुतरे यांच्यापुढेही ती ठेवू नये. ती सुक्या कचऱ्यातच द्यावी. कणकेचे दिवे, फुलोरा आणि वळवट मात्र अन्न आहेत, ते संपवावेत.

हातून बिघडले तर

वस्तू वाळताना मधोमध तडकली, तर कणीक कोरडी होती किंवा ऊन फार प्रखर होते. पाणी घालून सैल केलेल्या मीठकणकेने भेग भरून पुन्हा वाळवावे.

कडा वर उचलल्या, तर एकच बाजू वाळली आहे. उलटून वर सपाट ताट ठेवावे.

पावसाळ्यात मऊ पडली आणि रंग शाबूत असेल, तर सिलिका जेलसह डब्यात आठ-पंधरा दिवस ठेवावे. रंग नसेल, तर ओव्हनमध्ये मंद उष्णतेवर पुन्हा सुकवता येते. पांढरे ठिपके उमटले, तर ते बाहेर आलेले मीठ असते. कोरड्या ब्रशने झाडून, वाळवून पुन्हा रोगण द्यावे. काळे किंवा हिरवट ठिपके म्हणजे बुरशी. अशी वस्तू ठेवू नये.

कडाकण्या सादळल्या असतील, तर मंद ओव्हनमध्ये अथवा गरम तव्यावर जाळी ठेवून दहा मिनिटे शेकाव्यात.

हात आणि हवा

पिठाची वस्तू कायमची नसते. दिवा एका संध्याकाळचा, फुलोरा नऊ दिवसांचा, वळवट वर्षाचे. नीट जपलेली मीठकणीक काही वर्षांची. जुन्या बायकांनी प्रत्येक वस्तूला तिची मुदत दिली आणि त्या मुदतीत तिचा उपयोग करून घेतला. गव्हले वळण्याची, कडाकणीत वेणी घालण्याची किंवा काट्यावर कुलकुल गुंडाळण्याची चाल पुस्तकातून पुरती कळत नाही. ती शेजारी बसून पाहावी लागते. ज्यांच्या घरात, चाळीत किंवा गावठाणात हे येणारे कोणी असेल, त्यांनी या मोसमात एक सकाळ त्यांच्या शेजारी बसून घालवावी. पीठ, मीठ आणि ऊन दर वर्षी मिळते.